डोंबिवली पूर्व, स्टेशनपासून पंधरा मिनिटे: राहायला येण्याआधी काय तपासावे

डोंबिवली पूर्वेला घर दाखवणारा एजंट सगळ्यात आधी अंतर सांगतो: "स्टेशनपासून पाच मिनिटं." ती भर दुपारची, बाइकवरची पाच मिनिटे असतात. सकाळी साडेसातला त्याच रस्त्याने पायी निघालात तर पंधरा-वीस लागतात, आणि इथले राहणे सुखाचे होणार की दगदगीचे, हे त्या पंधरा-वीस मिनिटांवर ठरते. म्हणून इथे आधी पावलांचा हिशोब, मग घराचा.

परीक्षण आहे ते स्टेशनच्या पूर्वेच्या दाट पट्ट्याचे. फडके रोड, रामनगर, राजाजी पथ, टिळकनगर, पेंडसेनगर, आयरे रोडचा अलीकडचा भाग आणि चार रस्त्यापर्यंतचा मानपाडा रोड. निकाल आधीच सांगतो. घरातले कुणी रोज लोकलने जात असेल, मागे म्हातारी माणसे किंवा शाळकरी मुले असतील आणि चारचाकी घेण्याचा बेत नसेल, तर मुंबई महानगरात इतका सोयीचा पट्टा क्वचित सापडेल. चारचाकी असेल किंवा खिडकीतून आकाश दिसायलाच हवे असेल, तर इथे येऊ नका. मोठ्या संकुलांकडे किंवा एमआयडीसीच्या निवासी विभागाकडे पाहा.

पंधरा मिनिटांच्या पलीकडे गेलात की रिक्षा आली. इथे मीटरने रिक्षा क्वचितच चालते, सगळा कारभार शेअरचा. एका रिक्षात कायद्याने तीन प्रवासी बसतात. संध्याकाळी जलद गाडी रिकामी झाली की रांगेत तुमच्या पुढे तीस माणसे सहज असतात, म्हणजे दहा रिक्षा. मिनिटाला एक सुटली तरी दहा मिनिटे उभे राहायचे, आणि पाऊस असेल तर रिक्षाच येत नाहीत. भाडे ठरवताना या दहा मिनिटांची आणि महिन्याच्या पन्नासेक शेअर फेऱ्यांची किंमत मांडा. लांबचे घर स्वस्त मिळाले तरी वाचलेल्या भाड्याचा मोठा भाग रिक्षाच खाते. घर्डा सर्कल, शेलार नाका, नांदिवली या बाजूंना घर पाहताना हा हिशोब कागदावर करूनच पाहा.

गाडीबद्दल थोडे तपशिलात, कारण इथल्या बहुतेक घरांचे घड्याळ गाडीवरच चालते. डोंबिवली ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस अंतर साधारण ४८ किलोमीटर. जलद गाडीला तास-सव्वा तास लागतो, धिम्या गाडीला त्याहून जास्त. कर्जत, कसारा, खोपोली, बदलापूरकडून येणाऱ्या जलद गाड्या कल्याणलाच भरलेल्या असतात. डोंबिवलीला दारात पाय ठेवायला जागा मिळते, ती मिळवायची सवय व्हायला महिनाभर लागतो. याला उतारा म्हणजे डोंबिवलीहूनच सुटणाऱ्या गाड्या. मात्र ही गाडी फलाटावर येते तेव्हा तिच्यात आधीच माणसे बसलेली दिसतात. ती कोपर, दिवा किंवा त्याही पलीकडून उलट बसून रिटर्न आलेली असतात. तुमचा पास डोंबिवली ते सीएसएमटी असेल तर कोपर-दिवा त्यातच येतात, त्यामुळे तिथून रिटर्न यायला अडचण नाही. कल्याणला जाऊन तिथून बसून यायचे असेल तर पास कल्याणपर्यंतचा हवा. तपासनीस याच गोष्टीवर पकडतात.

दारात लटकणे टाळा, हे इथे नुसते सांगण्यापुरते नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांमधली लटकलेली माणसे खाली पडली आणि त्यात जीव गेले. तो याच मार्गावरचा, सकाळच्या गर्दीचा प्रसंग. कार्यालयाची वेळ अर्ध्या तासाने मागेपुढे करून मिळत असेल तर घर घेण्याआधी ती करून घ्या. ठाण्यापर्यंतच जायचे असेल तर प्रश्न बराच सोपा होतो, धिमी गाडी पुरते. नवी मुंबईत नोकरी असेल तर ठाण्याला गाडी बदलणे किंवा रस्त्याने शिळफाट्यावरून जाणे असे दोन मार्ग आहेत. कल्याण-शीळ रस्त्याचा भरवसा धरून घर घेऊ नका. कल्याण-तळोजा मेट्रोचे काम याच बाजूला चालू आहे, तोवर हा रस्ता असाच राहणार.

आता या पट्ट्याचे खरे बळ. एका गल्लीत तीन-चारशे घरे असली की कुकरची शिट्टी आणि गॅस्केट बदलून देणाऱ्याचेही पोट भरते. विरळ वस्तीत तो टिकत नाही. म्हणून फॉल-बीडिंग करणारी, मिक्सरचे भांडे धार लावून देणारा, चष्म्याची दांडी बसवणारा, छत्री दुरुस्त करणारा, देवाची फुले रोज दाराच्या कडीला लावून जाणारा, हे सगळे इथे दहा मिनिटांच्या पायी अंतरात आहेत. पोळी-भाजी केंद्रे तर पावलापावलावर. चांगले केंद्र ओळखायची खूण म्हणजे पोळ्या समोर लाटल्या जातात का आणि संध्याकाळी साडेसातला गाडीची गर्दी आली तरी त्या गरम मिळतात का. रोजच्या पोळ्या लावायच्या असतील तर सकाळी अकराच्या आत फोन करून आकडा सांगून ठेवावा. अंगारकीला, गणपतीत, होळीला उकडीचे मोदक किंवा पुरणपोळ्या हव्या असतील तर दोन-तीन दिवस आधी नोंदवा, आयत्या वेळी मिळत नाहीत.

भाजी स्टेशनजवळ निवडून, चिरून, सोलूनही मिळते: निवडलेली मेथी, सोललेले मटार, मोड आलेली कडधान्ये, खवलेला नारळ. नोकरी करणाऱ्या बाईचा यात रोजचा अर्धा तास वाचतो आणि ही सोय कुठल्याही जिमखान्यापेक्षा मोलाची आहे. चिरलेली भाजी घेताना पिशवीच्या तळाशी पाणी सुटले आहे का ते बघा, सुटले असेल तर ती सकाळची आहे. रात्री साडेनऊनंतर पालेभाजीचा भाव पडतो. याची दुसरी बाजूही आहे. रेल्वे स्थानकापासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई असली तरी संध्याकाळी पदपथ मोकळा सापडेलच असे नाही, बाबागाडी किंवा वॉकर घेऊन चालणे अवघड होते. घरात चालायला त्रास होणारे माणूस असेल तर घरापासून दवाखान्यापर्यंतचा रस्ता संध्याकाळी सातला स्वतः चालून पाहा.

दवाखाने, रक्त तपासायला घरी येणाऱ्या प्रयोगशाळा, रात्री उशिरापर्यंत उघडी औषधांची दुकाने यांची उणीव नाही. महापालिकेचे शास्त्रीनगर रुग्णालय मात्र पश्चिमेला आहे, म्हणजे रूळ ओलांडून. गाडीने रूळ ओलांडायला कोपर आणि ठाकुर्लीचे पूल. कोपरचा पूल सप्टेंबर २०१९ पासून दोन वर्षे बंद होता, तेव्हा सगळा भार ठाकुर्लीच्या अरुंद पुलावर आला होता. रुग्णवाहिका कोणत्या पुलाने आणि किती वेळात येते, याची चौकशी आधीच करून ठेवा. मैदाने कमी: नेहरू मैदान आणि थोडे लांब सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडासंकुल. मुले सोसायटीच्या आवारात खेळतील हे गृहीत धरू नका, कारण आवार दुचाकींनी भरलेले असते.

इमारतींकडे येऊ. इथल्या जुन्या इमारती तळमजला अधिक तीन किंवा चार मजल्यांच्या, बहुतेकांना लिफ्ट नाही, वाहनतळ नाही. चौथ्या मजल्याचे भाडे कमी असते ते याचमुळे. लिफ्ट नसेल तर जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर फिरेल का ते पाहा, तेवढी जागा नसेल तर दोन माणसांनी खुर्ची उचलून वळवता येईल का एवढे तरी बघा. सकाळी अकराला सगळे दिवे बंद करून स्वयंपाकघरात उभे राहा. ओट्यावरचे तांदूळ निवडता येत नसतील तर ते घर दिवसभर विजेवर चालणार. शेजारची इमारत हाताच्या अंतरावर असते आणि मोरीची खिडकी डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या अरुंद पोकळीत उघडते. त्या डक्टमध्ये वाकून पाहा. तळाशी पाणी साचले असेल तर डास आणि वास दोन्ही वर येणार.

ओल ओळखायची तर घर जुलै-ऑगस्टमध्ये पाहणे उत्तम. नैर्ऋत्य मोसमी पाऊस पश्चिम आणि दक्षिणेच्या भिंतींवर मारा करतो, त्यामुळे त्या बाजूचे बेडरूम आधी तपासा. उन्हाळ्यात पाहत असाल तर भिंतीला टेकवलेले कपाट थोडे सरकवून मागे लोणा, रंगाचे फुगे किंवा ताजा रंगाचा एकच पट्टा दिसतो का ते बघा. गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून येणारी गळती दुरुस्त करणे सोसायटीचे काम, वरच्या घराच्या मोरी-संडासातून येणारी गळती त्या घरमालकाची. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत (नियमावलीत) हे स्पष्ट आहे, तरी वाद यावरच सगळ्यात जास्त होतात. इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागा. उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची तपासणी दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुनीची दर ३ वर्षांनी व्हायला हवी.

वीज महावितरणची. जुन्या घरांत मंजूर भार, म्हणजे एका वेळी वापरायला मंजूर असलेली वीज, खूप कमी असते. बिलावर हा भार छापलेला असतो, वाचा. दीड टनाचा एसी साधारण दीड किलोवॅट घेतो, साठवणीचा गीझर दोन, झटपट तापवणारा तीन. एकच किलोवॅट मंजूर असलेल्या घरात एसी आणि गीझर एकत्र चालू केले की वायरिंग तापते किंवा खाली मीटरपेटीतला फ्यूज जातो, आणि मग तो बसवायला रात्री कुणी सापडत नाही. भार वाढवण्याचा अर्ज मालकाच्या नावाने करावा लागतो, म्हणून करारावर सही करण्याआधी त्याला तयार करा.

पाण्याला पूर्ण तास द्या. या पट्ट्याला महापालिका उल्हास नदीचे शुद्ध केलेले पाणी देते. नांदिवली, सागाव, आजदे, सोनारपाडा ही गावे जून २०१५ मध्ये महापालिकेत आलेल्या २७ गावांपैकी आहेत आणि तिथे पाणी एमआयडीसीच्या वाहिनीतून येते. हद्द एका रस्त्याने बदलते आणि पाण्याचे वेळापत्रकही बदलते, त्यामुळे शेजारच्या इमारतीचा अनुभव तुम्हाला लागू होईलच असे नाही. विचारायचे प्रश्न असे. पाणी किती वाजता येते आणि किती वेळ? ते कमी दाबाचे असते का? जमिनीखालची टाकी किती लिटरची, गच्चीवरची किती? माणशी १३५ लिटर धरले तर चौघांच्या घराला ५४० लिटर लागतात, वीस घरांच्या इमारतीला १०,८०० लिटर. दोन्ही टाक्या मिळून निदान दीड दिवस पुरेल एवढा साठा नसेल तर दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवल्याच्या दिवशी टँकर येणार आणि त्याची वर्गणी तुमच्या देखभाल खर्चात चढणार. एप्रिल-मेमध्ये किती टँकर आले, हे सचिवाला नव्हे, वॉचमनला विचारा. तो पंप चालवतो, त्याला आकडा पाठ असतो.

सर्वांत वरच्या मजल्यावरचे घर असेल तर मोरीचा नळ पूर्ण सोडून १५ लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते मोजा. दोन मिनिटांपेक्षा जास्त लागत असेल तर शॉवर आणि झटपट गीझर नीट चालणार नाहीत. गच्चीवरची टाकी आणि शॉवर यांच्यातली उंची कमी असल्याने असे होते. काही ठिकाणी थेट जलवाहिनीला पंप लावून पाणी ओढले जाते. हे बेकायदा तर आहेच, शिवाय वाहिनीला कुठे चीर असेल तर गटाराचे पाणी आत शोषले जाते. पाणी सुटल्यानंतरची पहिली पाच मिनिटे ते गढूळ किंवा वासाचे येत असेल तर कारण बहुधा हेच असते. टाक्या शेवटच्या कधी धुतल्या हेही विचारा, सहा महिन्यांतून एकदा धुवायला हव्यात.

वाहनतळाबद्दल फार बोलण्यासारखे नाही, कारण तो नाही. मुख्य रस्त्यांवर सम-विषम तारखांचे नियम आहेत. दुचाकी पुरेशी आहे.

आवाज स्वीकारूनच इथे राहायला यावे. गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा १९९९ मध्ये इथल्या गणेश मंदिर संस्थानने सुरू केली आणि मग ती महाराष्ट्रभर गेली. नरक चतुर्दशीच्या पहाटे अख्खी तरुणाई फडके रोडवर जमते. या शहरात राहण्याचा आनंद त्यात आहे, मनापासून सांगतो. फडके रोडला लागून घर असेल तर मात्र त्या दिवशी गाडी निघणार नाही, रुग्णाला न्यायचे असेल तर मागच्या गल्लीचा रस्ता माहीत हवा. झोप हलकी असणाऱ्यांनी मंडपाची जागा आणि रुळांपासूनचे अंतर बघून घर निवडावे. रुळांना लागून असलेल्या घरात पहिल्या गाडीला जाग येते.

एमआयडीसी १९६४ पासूनची, शहर तिच्या अंगावर वाढत गेले. जानेवारी २०१४ मध्ये या भागात हिरवा पाऊस पडला, फेब्रुवारी २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ ला कारखान्यांतल्या स्फोटांत माणसे गेली, दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. निवासी विभागात, मिलापनगर-सुदर्शननगरकडे, रस्ते रुंद आहेत, झाडे आहेत, उजेड आहे, पण कारखाने अगदी शेजारी आहेत. हिवाळ्यात रात्री हवा स्थिर असते, वास खाली साचतो आणि पहाटेपर्यंत राहतो. म्हणून त्या बाजूचे घर डिसेंबर-जानेवारीत रात्री अकरानंतर जाऊन पाहा. वासाची तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करताना वेळ, जागा आणि वाऱ्याची दिशा लिहा, नुसते "वास येतो" लिहिले तर शोध लागत नाही. पलंग मोठ्या काचेच्या खिडकीखाली ठेवू नका आणि काचेला आतून फिल्म लावून घ्या. स्टेशनलगतच्या पट्ट्यात हा त्रास बराच कमी, हे त्याच्या बाजूचे मोठे कारण.

भाड्याने घेणाऱ्यांसाठी: अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो, ती जबाबदारी मालकाची. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. समजा भाडे १५,००० आणि परत मिळणारी अनामत ५०,००० रुपये. अकरा महिन्यांचे भाडे १,६५,००० आणि अनामतीवर वार्षिक १० टक्क्यांनी व्याज ४,५८३, मिळून १,६९,५८३. त्यावर शुल्क साधारण ४२४ रुपये, नोंदणी फी वेगळी १,००० रुपये. यापेक्षा फार मोठा आकडा सांगितला तर त्यात एजंटची मजुरी आहे, ती वेगळी लिहून मागा. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त बिनभोगवटा शुल्क घेऊ शकत नाही. आणि एक प्रश्न विसरू नका: पुनर्विकासाचा ठराव झाला आहे का? या पट्ट्यात जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहण्याचे काम जोरात आहे, सहा महिन्यांत सामान उचलायची वेळ येऊ शकते.

विकत घेणाऱ्यांनी सगळ्यात जास्त वेळ कागदांना द्यावा. महापालिकेची बनावट बांधकाम परवानगी दाखवून महारेराची (गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणी मिळवलेल्या या परिसरातल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. आत कष्टाच्या पैशांतून, कर्ज काढून घर घेतलेली कुटुंबे होती. म्हणजे महारेराचा क्रमांक आहे, बँकेने कर्ज दिले आहे, मालमत्ता कराचे बिल येते, वीजमीटर आहे, यांपैकी कशानेही इमारत अधिकृत ठरत नाही. कर भरला म्हणून बांधकाम नियमित होत नाही, कायद्यातच तसे लिहिले आहे.

करायचे ते असे. बिल्डरकडून बांधकाम परवानगीची प्रत घ्या आणि तिच्यावरचा क्रमांक, तारीख, सर्व्हे क्रमांक, हिस्सा क्रमांक आणि मजल्यांची संख्या वेगळ्या कागदावर उतरवा. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक स्वतः काढा, बिल्डरने दिलेले नको. सर्व्हे आणि हिस्सा क्रमांक जुळतात का, जमीन सरकारी, वर्ग दोनची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) किंवा आरक्षणाखालची तर नाही ना, ते पाहा. मजले मोजा. परवानगी चारची आणि उभे सात, असेही असते. वकिलाकडून जमिनीच्या मालकीचा ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या. तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, जुनी सोसायटी असेल तर जमीन सोसायटीच्या नावावर झाल्याचे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स) पाहा. घर तुमच्या नावावर करताना सोसायटी हस्तांतरण अधिमूल्य म्हणून २५,००० रुपयांहून जास्त मागत असेल तर ते नियमाबाहेर आहे.

शेवटी तो परवानगी क्रमांक घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जा आणि ही परवानगी तुमच्याच कार्यालयाने दिली आहे का, एवढेच लेखी विचारा. तोंडी उत्तरावर थांबू नका. माहितीच्या अधिकारातला अर्ज १० रुपयांत होतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. तेवढे दिवस बिल्डर थांबायला तयार नसेल, "आज टोकन द्या, उद्या भाव वाढेल" म्हणत असेल, तर टोकन देऊ नका.